उरलेले तीस रुपये

उद्यमनगरात दिलावर शिकलगारानं गाडा जोडून दिला,
तेव्हा आधी मलाच त्याच्याभोवती फिरवलं,
बाजारात म्हैस पारखायला फिरवतात तसं.
"वैनी, ही पिन. बसली की टक् वाजती.
वाजली नाही तर दारातनं हलायचं न्हाई.
आणि ही वरची साखळी. पिन तुटली तर."
मी म्हटलं, तुटणारी असेल तर मजबूत घाला की.
"मजबूतच हाय," तो म्हणाला. "तरीबी साखळी."
साखळीचे ऐंशी जास्तीचे. मी हुज्जत घातली,
पन्नास टेकवले, आणि सायकलचं बटण दाबलं.

तीन डबे इडलीचं पीठ, एकेक बारा किलोचा,
पहाटे पावणेपाचला उत्तरेश्वरातनं निघतं.
पहिल्या दिवशी डबे पार मागं ठेवले,
उतरवायला सोपे म्हणून,
तर कॅरिअर धरून कुणी उचलावं
तसं सायकलचं मागलं चाक हलकं झालं.
सासरे खाटेवरनं म्हणाले, "उलाळ झालीया."
जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस.
आता पाय चालत नाहीत,
पण वजन कुठं बसलंय ते अंधारातही कळतं.
दोन डबे पुढं घेतले, एक आसावर.
गाडा गप्प झाला.

बाकीचं रस्त्यानं शिकवलं.
वळण रुंद घ्यायचं, नाहीतर गाड्याचं आतलं चाक
आपला वेगळा रस्ता काढतं;
पापाच्या तिकटीला असंच एका फुलवालीच्या
शेवंतीच्या पाटीवरनं गेलं,
आठवडाभर तिच्या घरी फुकट इडल्या.
चढाला मोटर असली तरी पाय सोडायचे नाहीत,
एकटीवर टाकलं की ती तापते.
उताराला ब्रेक आधीच, मागचा पहिला,
हँडल सरळ असतानाच.
वळणात दाबला तर गाडा कात्रीसारखा मिटतो.

पीठ उशिरा थांबतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
मी थांबते. सायकल थांबते. गाडा थांबतो.
मग डब्यात ते सावकाश पुढं येतं
आणि पाठीला एकदा ढकलतं.
रोज. मला आता त्याची वाट बघायची सवय झालीय.

सायकलीला आवाज नाही, कुणाला कळत नाही मी येतेय ते.
म्हणून दांडीला बांधली सासऱ्यांच्या सर्ज्याची घंटा,
आणि बांबूवर माझ्या जुन्या परकराची लाल झेंडी.

परवा गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या,
पैलवान पोरं पेल्यातला फेस मिशीला लावून.
मी घंटा वाजवत पुढं, शिवाजी पुलाच्या उताराला.
धार काढून मोकळी झालेली एक म्हैस
घंटा ऐकून थांबली.
बाजूला नाही झाली. थांबली, मधोमध,
आणि ओळखीचं कुणी दिसतंय का बघायला लागली.
मी दाबला. हळू. सरळ.

टक्.

हा तो टक् नव्हता.

गाडा डावीकडं झुकला, मडगार्डला आपटला,
साखळी ताणली, आणि तिथंच राहिला,
कान पकडलेल्या पोरासारखा.
मग पीठ आलं.
एक झाकण उडालं, वीतभर पांढरं डांबरावर.
म्हशीनं वास घेतला. तिला आवडलं नाही.
मला माझेच गुडघे सापडत नव्हते.
कट्ट्यावरचा एक पोरगा पेला घेऊनच पळत आला,
"काकी, लागलं का?" आणि गाडा धरून राहिला.
एका हातानं सायकल, एका हातानं तो,
पूल आम्ही चालत ओलांडला.
वडणग्याच्या कॅन्टीनला पाऊण तास उशीर.

दुपारी पिनीचे दोन तुकडे घेऊन उद्यमनगरात गेले.
शिकलगारानं ते दिव्याखाली धरले,
तुटल्या जागेवरनं नख फिरवलं, बराच वेळ.
"जुनी चीर हाय," म्हणाला. "मला दिसाय पायजे हुती."
नवी पिन काढली, पैसे घेईना.
मी साखळीचे उरलेले तीस बाकड्यावर ठेवले.
"राहू द्या की वैनी," तो म्हणाला.
मग घेतले.